एकच खुर्ची, दोन पोरं : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक ठरतो कसा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं होतं, "अलाबामा की ऑबर्न?" मला वाटलं कुठून आलास विचारतायत, मी आपलं सांगितलं, पुणे. ते इतके हसले की कुंपणाला धरून उभं राहावं लागलं त्यांना. त्या दोन युनिव्हर्सिट्यांच्या फुटबॉल टीम आहेत आणि या राज्यात राहायचं तर एक बाजू घ्यावीच लागते, हे मला नंतर कळलं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा भाचा. एमएस करायला आलाय, ऑगस्टमध्ये त्याचा मेसेज आला, मामा इथे लॅबमधला प्रत्येक जण एकच बोलतोय, कोण स्टार्ट करणार, म्हणजे क्वार्टरबॅक म्हणून पहिल्यापासून कोण खेळणार, मॅच अजून तीन आठवडे लांब आहे, टीममध्ये शंभर पोरं आहेत, मग एकाच पोरावरून एवढा दंगा का? फोनवर सांगायला लागलो, पाऊण तास गेला तरी अर्धंच झालं. म्हणलं एकदा लिहूनच काढतो.

आधी अगदी थोडक्यात खेळ. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान, बॉल हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा. चार चान्समध्ये किमान दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा नवीन चार चान्स, नाही गेलात तर बॉल समोरच्याला. बाकीचे नियम बाजूला ठेवा, हे एवढं पुरतं. आता जवळजवळ प्रत्येक चान्सला बॉल पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. घड्याळात ४० सेकंद असतात, तेवढ्यात कोचकडून आलेला प्ले, म्हणजे त्या चान्सची ठरवलेली चाल, समजून घ्यायचा, बाकी दहा जणांना सांगायचा, समोरचे अकरा कसे उभे आहेत ते बघायचं, डावीकडून एक जास्तीचा माणूस धावत येणार असा वास आला तर आपल्या लाइनला, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या पाच अडवणाऱ्यांना, कोणी कोणाला अडवायचं ते बदलून सांगायचं, आणि हे सगळं लाखभर लोक ओरडत असताना. २०२४ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण घड्याळ १५ सेकंदांवर आलं की तोही बंद होतो, पुढे पोरगा एकटा. बॉल हातात आल्यावर अडीच-तीन सेकंद मिळाले तरी नशीब. हा पोरगा १८ ते २२ वर्षांचा असतो, आपल्याकडे या वयात सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवत असतात.

आता मुख्य गाठ. बाकीच्या जागांवर पोरं आलटून पालटून खेळतात, धावणारे दोन-तीन असतात, कॅच घेणारे पाच-सहा फिरतात, दमले की बाहेर, दुसरा आत. क्वार्टरबॅक मात्र एकच. आपल्याकडे विकेटकीपरचं असंच असतं, धोनीच्या काळात पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिकचं काय झालं आठवा, पण कार्तिकला निदान नुसता बॅट्समन म्हणून तरी खेळवता यायचं. दुसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला दुसरं काहीच काम नसतं. तो टोपी घालून बाउंड्रीला उभा राहून हातवारे करतो. पूर्ण सीझन. आणि हा पोरगा त्याच्या शाळेतला, गावातला, कधीकधी अख्ख्या राज्यातला सगळ्यात भारी खेळाडू असतो, बाकावर बसायची त्याला जन्मात सवय नसते.

मग निवड कशी होते? लोकांना वाटतं जो लांब फेकतो तो जिंकतो. तसं नसतं. वसंतात १५ प्रॅक्टिस मिळतात आणि मग ऑगस्टमध्ये कॅम्प लागतो, आणि त्या सगळ्यात खरी वाटणी कशाची होते तर रेप्सची. रेप म्हणजे प्रॅक्टिसमध्ये एक प्ले चालवायची एक पाळी. या पाळ्या मोजक्या असतात, आणि पहिल्या फळीबरोबर मिळालेली पाळी वेगळी, दुसऱ्या फळीबरोबरची वेगळी. विचार करा, ज्याच्यापुढे टीमचे सगळ्यात तगडे पाच जण उभे आहेत आणि कॅच घेणारेही सगळ्यात वेगवान आहेत, त्याचे आकडे चांगले दिसणारच, दुसरा बिचारा कच्च्या लाइनमागे जीव मुठीत घेऊन फेकतोय. म्हणून नीट कोच असेल तो पोरांची अदलाबदल करतो, आज तू पहिल्या फळीबरोबर, उद्या तो. पण दोघांना अर्धे अर्धे रेप्स दिले की दोघंही अर्धवट तयार होतात, ही दुसरी पंचाईत. म्हणून कधीतरी निर्णय घ्यावाच लागतो, आणि बाहेरचे लोक ज्या दिवशी पेपरात वाचतात त्याच्या बऱ्याच आधी टीममधल्या पोरांना रेप्स मोजून कळलेलं असतं कोण ते.

प्रत्येक प्लेचा व्हिडिओ निघतो आणि प्रत्येक प्लेला मार्क दिले जातात. इथे गंमत अशी की पास हुकला तरी मार्क मिळू शकतात, कारण पोराने बरोबर माणूस निवडला होता, पाय बरोबर होते, पकडणाऱ्याने सोडला. आणि टचडाउन झाला, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार गेला, तरी मार्क कापले जातात, कारण त्याने जिथे बघायला पाहिजे होतं तिथे बघितलंच नाही, नशिबाने जमलं. प्रेक्षकाला आकडे दिसतात, कोचला सवयी दिसतात.

अजून एक गोष्ट, ही मला फार उशिरा लक्षात आली. प्रॅक्टिसमध्ये क्वार्टरबॅकची जर्सी वेगळ्या रंगाची असते, अलाबामात काळी. अर्थ सरळ आहे, याला पाडायचं नाही. डिफेन्सवाला जवळ आला, हात लावला, शिट्टी, प्ले संपला. काळजी बरोबर आहे, पण यामुळे एका प्रकारच्या खेळाडूचं नुकसान होतं असं माझं मत आहे. जो पोरगा तिथे उभं राहून सुंदर फेकतो त्याचं सगळं कौशल्य प्रॅक्टिसमध्ये दिसतं. जो दोघांना झटकून बाहेर निघतो आणि धावत पंधरा यार्ड काढतो, त्याचं कौशल्य शिट्टीपाशी संपतं. हे डोक्यात ठेवा, कारण आता येतोय जेलन हर्ट्स.

हर्ट्स टेक्सासमधल्या चॅनलव्ह्यूचा, वडील त्याच शाळेत फुटबॉल कोच. २०१६ साली अलाबामात आला, निक सेबन कोच. सीझनची पहिली मॅच कॅलिफोर्नियातल्या यूएससी या कॉलेजबरोबर, स्टार्ट केलं ब्लेक बार्नेट नावाच्या दुसऱ्याच पोराने, हर्ट्स मधेच आत आला आणि पहिल्याच प्लेला बॉल हातातून सुटला. तरी सेबनने त्याला ठेवला. टीम ५२-६ ने जिंकली आणि जागा हर्ट्सची झाली, बार्नेट काही आठवड्यांत कॉलेज सोडून गेला. अठरा वर्षांच्या पोराने टीमला देशाच्या फायनलपर्यंत नेलं, तिथे क्लेमसन या कॉलेजने शेवटच्या सेकंदाला ३५-३१ ने हरवलं.

पुढच्या वर्षी हवाईहून एक डावखुरा आला, टुआ टागोव्हायलोआ. नाव म्हणायला आजोबांना पण आठवडा लागला. डावखुरा असणं इथे साधी गोष्ट नाही, बॉल उलटा फिरत येतो त्यामुळे पकडणाऱ्यांना सवय करावी लागते, आणि फेकताना पाठ उजव्या बाजूला वळते म्हणून लाइनमधल्या उजव्या टोकाच्या माणसावर त्याची पाठ सांभाळायची जबाबदारी येते. म्हणजे क्वार्टरबॅक बदलला की एकच माणूस बदलत नाही. २०१७ चा अख्खा सीझन मात्र हर्ट्सच स्टार्टर, टुआ मॅच हातात आली की शेवटी शेवटी यायचा.

मग ८ जानेवारी २०१८, अटलांटा, जॉर्जियाबरोबर फायनल. मी आजोबांच्या घरी होतो, संध्याकाळी सातला सुरू झाली, म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशीची साडेसहाची सकाळ. हाफटाइमला जॉर्जिया १३-०. हर्ट्सचे आठात तीनच पास लागलेले, एकूण २१ यार्ड. आजोबांच्या घरात कोणी बोलेना, आजींनी चिप्सचं भांडं उचलून आत नेलं, मी बाहेर ओट्यावर येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला, ती पोहे परतत होती, म्हणाली चेहरा का असा पडलाय, ऑफिसमध्ये काही झालं का. परत आत आलो तर मैदानात १३ नंबर. मी विचारलं हर्ट्सला लागलं का? आजोबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "नाही, बसवलाय."

स्टार्टर म्हणून हर्ट्सचा हिशोब, ती मॅच धरून, २६ जिंकल्या आणि २ हरल्या. असा पोरगा फायनलच्या मध्यावर बसवला. भाच्याला हेच पटत नव्हतं, मामा हे कसं काय? तर असं की जॉर्जियाने हर्ट्सचं धावणं बंद करून ठेवलं होतं आणि फेकून मॅच काढायला लागणार होती. सेबनने दोघांमध्ये कोण चांगला हे त्या पंधरा-वीस मिनिटांत ठरवलं नव्हतं. या समोर उभ्या असलेल्या कुलपाला यातली कुठली किल्ली लागते, एवढंच ठरवलं. आणि टुआची किल्ली त्याला माहीत होती, कारण वर्षभर त्याची प्रॅक्टिस त्याने रोज बघितली होती.

मॅच बरोबरीत गेली, जास्तीचा वेळ लागला. जॉर्जियाने फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक मारून तीन पॉइंट, घेऊन २३-२० केलं. अलाबामाचा पहिलाच प्ले, टुआ मागे मागे पळाला आणि १६ यार्ड मागे जाऊन पडला. भयंकर चूक होती, शाळेतला पोरगा पण तिथे बॉल बाहेर फेकून देतो. आता दहाऐवजी २६ यार्ड पाहिजेत. पुढच्याच प्लेला त्याने आधी उजवीकडे बघितलं, मागच्या डिफेंडरला तिकडे ओढलं, आणि मग डावीकडे ४१ यार्ड लांब टाकला, डेव्हॉन्टा स्मिथच्या हातात, टचडाउन, २६-२३, संपलं. या राज्यात आजही 'सेकंड अँड ट्वेंटी सिक्स' एवढंच म्हणलं की पुढचं सांगावं लागत नाही. टुआने नंतर स्वतःच सांगितलं की त्या मॅचमध्ये खेळवलं नसतं तर तो कॉलेज सोडायचा विचार करत होता. आणि त्या रात्री कॅमेरे हर्ट्सवर गेले तेव्हा तो उड्या मारत होता, टुआला मिठ्या मारत होता. आजी म्हणाल्या त्याच्या आईवडिलांनी पोराला नीट वाढवलंय.

आता पुढचा प्रश्न, ज्यात ते २०१८ चं वर्ष गेलं. फायनल जिंकून देणारा टुआ, त्या फायनलपर्यंत घेऊन येणारा हर्ट्स, जागा कोणाची? सेबन काही बोलेना. वसंत गेला, उन्हाळा गेला. हर्ट्सच्या वडिलांनी आधीच जाहीर सांगून टाकलं होतं की पोराची जागा गेली तर तो दुसरीकडे जाणार. ऑगस्टमध्ये हर्ट्स स्वतः पत्रकारांना म्हणाला की इतक्या महिन्यांत मला काय वाटतंय हे कोणी विचारलंच नाही. पहिल्या मॅचनंतर टीव्हीवरच्या मरिया टेलरने साधा प्रश्न विचारला, दोन्ही क्वार्टरबॅकबद्दल काय दिसलं, तर सेबन तिच्यावरच खेकसला, मग माफी मागावी लागली.

कोच गप्प का बसतात? एक कारण सगळे सांगतात, समोरच्या टीमला दोघांचीही तयारी करावी लागते. खरं आहे, पण दुय्यम आहे. मोठं कारण हे की नाव जाहीर केलं त्या क्षणी दुसरा पोरगा बॅग भरायला मोकळा होतो, आणि या खेळात क्वार्टरबॅकला कधी लागेल याचा नेम नसतो. कोचला एक निवडायचा असतो पण दोन ठेवायचे असतात. म्हणून मग डेप्थ चार्टवर, म्हणजे कुठल्या जागेवर कोण याच्या यादीत, दोन नावांच्या मध्ये 'किंवा' छापलेलं असतं. मला तर तो सगळ्यात खोटा 'किंवा' वाटतो, लग्नाच्या पत्रिकेतल्या 'आपली उपस्थिती हाच आहेर' सारखा.

त्यात २०१८ ला एक नवीन नियम आला. कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांत चार सीझन खेळायला मिळायचे, एक वर्ष राखून ठेवता यायचं, त्याला रेडशर्ट म्हणतात. आधी एका प्लेला मैदानात उतरलात तरी सीझन खर्ची पडायचा, फारतर दुखापतीची सूट. नवीन नियमाने चार मॅचपर्यंत खेळलं तरी वर्ष शाबूत. नियम केला होता नवीन पोरांना थोडी चव मिळावी म्हणून, पण जागा गमावलेल्या जुन्या क्वार्टरबॅकसाठी ते एक दार झालं. चार मॅच बघ, जमत नसेल तर थांब, वर्ष वाचव आणि दुसरीकडे जा.

क्लेमसनमध्ये नेमकं हेच झालं. केली ब्रायंट तिथला स्टार्टर, १६ जिंकलेला आणि २ हरलेला, पहिल्या चार मॅच स्टार्ट केल्या आणि मग कोच डॅबो स्विनीने नवीन आलेल्या ट्रेव्हर लॉरेन्सला जागा दिली. ब्रायंट लगेच गेला. पुढच्याच शनिवारी, सिरॅक्यूसबरोबर, लॉरेन्सला डोक्याला मार लागला आणि तो बाहेर. आता ज्याला दुसरा म्हणून ठेवायचा होता तोच नाही. चेस ब्राइस नावाचा पोरगा आत आला, ज्याचं नाव तोपर्यंत बाहेर फार कोणी घेत नव्हतं, आणि टीम मागे असताना त्याने ९४ यार्डांची चाल पूर्ण करून २७-२३ अशी मॅच काढली. ती मॅच गेली असती तर ब्रायंटला किती शिव्या बसल्या असत्या, आणि त्याची चूक काय, तर स्वतःचं एक वर्ष वाचवलं.

इकडे अलाबामात सगळे हर्ट्सची चौथी मॅच झाल्यावर श्वास रोखून बसले होते. तो पाचव्या मॅचमध्ये पण उतरला. म्हणजे वर्ष गेलं, तो राहिला. का राहिला? मला वाटतं डिसेंबरमध्ये डिग्री पूर्ण होणार होती हे मोठं कारण, कारण तेव्हा कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसायला लागायचं, पण डिग्री हातात असेल तर लगेच खेळता यायचं. लोक फक्त निष्ठेबद्दल बोलतात, पोराने हिशोबही नीट केला होता, आणि त्यात काही वाईट नाही.

१ डिसेंबर २०१८, पुन्हा अटलांटा, पुन्हा तेच स्टेडियम, पुन्हा जॉर्जिया. अलाबामा २८-२१ ने मागे, शेवटचा क्वार्टर, टुआच्या घोट्याला लागलं. हर्ट्स आत. नऊपैकी सात पास लागले, एक टचडाउन फेकून, आणि शेवटचं एक मिनिट राहिलेलं असताना एक स्वतः धावत, १५ यार्ड, ३५-२८. ते धावणं बघा कधीतरी, काळ्या जर्सीत शिट्टी वाजते तसलं. आजोबा रडले, खोटं नाही सांगत.

त्याच मॅचमध्ये एक बाजूची गोष्ट झाली जी मला जास्त आवडते. २८-२८ असताना जॉर्जियाने किक मारायचं सोंग करून जस्टिन फील्ड्सला पुढे पाठवलं. हा त्यांचा दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, जेक फ्रॉमच्या मागे वर्षभर बसलेला. डाव फसला, बॉल अलाबामाला मिळाला, आणि हर्ट्सने मॅच संपवली. फील्ड्स लवकरच जॉर्जिया सोडून ओहायो स्टेटला गेला. तिथून त्याच वर्षी वसंतात जो बरो हा डुवेन हॅस्किन्ससमोर जागा गमावून एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, गेलेला. आणि हर्ट्स गेला ओक्लाहोमाला. आता २०१९ च्या डिसेंबरमध्ये हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूचं बक्षीस, त्याचे पहिले तीन कोण? बरो, हर्ट्स, फील्ड्स. तिघंही आदल्या वर्षी आपापल्या जुन्या कॉलेजात जागा न मिळालेले. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मग कोचना कळतं काय? अरे, कळत होतं, टुआ चांगलाच होता, हॅस्किन्स चांगलाच होता. जागाच एक होती.

पुढचं पटकन सांगतो कारण यात पैसाच जास्त आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, एक यादी, तिथे नाव टाकलं की बाकीची कॉलेजं तुमच्याशी बोलू शकतात. २०२१ पासून पहिल्यांदा बदलताना वर्षभर बाहेर बसायची अट गेली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली. २०२५ पासून तर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. म्हणजे दोन नंबरवर थांबायचं कारण जवळपास संपलं. पूर्वी कोच 'किंवा' लिहून पोराला धरून ठेवायचे, आता आकडा लिहून धरतात.

आणि नाव जाहीर झालं म्हणजे स्पर्धा संपली असंही नसतं. २०२३ ला अलाबामात जेलन मिल्रो जिंकला, टेक्सासने ३४-२४ हरवल्यावर पुढच्याच मॅचला बसवला, त्याच्या जागी दुसऱ्या दोघांना खेळवून बघितलं, टीम कशीबशी १७-३ जिंकली, आणि मिल्रो मुकाट परत आला. त्या दोघांतला एक टाय सिम्पसन. तो मात्र या काळात न शोभणारं काहीतरी करत बसला, २०२२ पासून तीन सीझन थांबला, आधी ब्राइस यंगच्या मागे, मग मिल्रोच्या. सेबन रिटायर झाला, केलन डीबोअर आला, तरी हा तिथेच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तिघांच्या स्पर्धेतून शेवटी सिम्पसनचं नाव जाहीर झालं. पहिली मॅच फ्लोरिडा स्टेटकडे, ३१-१७ हरले. रविवारी सकाळी आजोबा कुंपणापाशी आले, नमस्कार चमत्कार काही नाही, थेट म्हणाले, "त्या नवीन पोराला आणा." तो नवीन म्हणजे कीलन रसेल, शाळेतून नुकताच बाहेर पडलेला. मी म्हणलं तीन वर्षं थांबलाय तो, एक मॅच तरी द्या अजून. पुढच्या शनिवारी डीबोअरने सिम्पसनलाच उतरवलं. टीम ७३-० जिंकली. सिम्पसनने १७ पास टाकले, सतराच्या सतरा लागले. आजोबांनी त्या रविवारी लॉन कापलं, माझ्याकडे बघितलं नाही.